माझ्या नावावर चाललेले बॉयलर

साबणाच्या कारखान्यातून मी रिटायर झालो त्या दिवशी साहेबांनी नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं झाली. एकाने भाषणात माझं नावही चुकीचं घेतलं, ते सोडा. सगळे चहाकडे वळल्यावर मी बॉयलर हाऊसमध्ये गेलो, स्टुलावर चढलो, खिळ्यावरची फ्रेम काढली आणि बगलेत मारून घरी आलो. शाल-नारळ बायकोच्या हातात दिला. फ्रेम दिली नाही.

त्या फ्रेममध्ये माझं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट होतं. आम्ही सगळे त्याला लायसन म्हणायचो. बॉयलर म्हणजे वाफ करायचं मोठं लोखंडी पिंप. खाली आग, आत पाणी, आणि आत कोंडलेल्या वाफेचा जोर. ते सांभाळायला असा कागद असलेला माणूस जवळ हजर पाहिजे, असा कायदा आहे. कागदावर नाव, सही, गोल शिक्का आणि फोटो. तो कागद तिथल्याच भिंतीला लावायची पद्धत. तपासायला आलेल्या साहेबाने आधी भिंतीकडे बघायचं, मग समोरच्या माणसाकडे. दोन्ही तोंडं एक असली की झालं.

माझं शिक्षण चौथी, तीही धड नाही. गावाकडून नाशिकला आलो तो कोळशाच्या पाट्या उचलायला. मग आगवाला झालो, म्हणजे भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा. त्यात कितीतरी वर्षं गेली. मग मुंबईला जाऊन तोंडी परीक्षा दिली. पहिल्या खेपेला टेबलामागचे साहेब बघून तोंडच उघडलं नाही, नापास केलं. दुसऱ्या खेपेला एकाने विचारलं, काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय करशील? म्हटलं, आधी आग ओढून बाहेर काढीन. आणि पंप? म्हटलं, पंपाला हात लावणार नाही. तापल्या लोखंडावर पाणी सोडलं तर तुम्ही आणि मी कोणीच राहणार नाही. साहेब हसले. मी नव्हतो हसलो.

तर असा तो कागद. घरात आमच्या लग्नाचा फोटोसुद्धा नव्हता, पण याला काच आणि सागवानी पट्टी होती.

रिटायर होऊन काही दिवस मी घरी बसलो. बसलो म्हणजे काय, सकाळी पहिल्या पाळीच्या भोंग्याला उठायचो, अंगणात येरझाऱ्या घालायचो, बायको म्हणायची, "अहो, एका जागी बसा की. फरशी झिजंल." अशात एका रविवारी माझे साडू आले. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे नवरे. ते एका ऑफिसात कारकून होते आणि माझ्या आधीच रिटायर झालेले. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं गोड. मला नेहमी मान द्यायचे, साडूभाऊ म्हणायचे.

चहा घेता घेता म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही रिटायर झालात. तुमचं लायसन नाही झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे कारखान्याने तुम्हाला घरी पाठवलं. सरकारने नाही पाठवलं. सातपूरला रोज नवीन शेड उभी राहतेय. कोणाला वायरमन पाहिजे, कोणाला जड गाडीचा ड्रायव्हर, कोणाला बॉयलरवाला. आणि परवाना असलेला माणूस मिळत नाही. तुमच्यासारखे परवाना घेऊन अंगणात फिरतात."

त्यांनी हाच उद्योग मांडला होता. इंदिरानगरला तेव्हा प्लॉट पडत होते, तिथे त्यांनी घर बांधलं होतं, आणि व्हरांड्यात टेबल टाकलं होतं. मी गेलो तेव्हा बाकावर आमच्या वयाची माणसं बसलेली. एक ओझरच्या बाजूचा, क्रेन चालवणारा. एक वायरमन, चष्म्याला दोरा बांधलेला. साडू एकेकाचा कागद हातात घेऊन, जोशीबुवा पत्रिका बघतो तसे बघत आणि सांगत, "तुमचं परमिट रिन्यू करावं लागेल. मग दुसऱ्याच्या हाताखाली राबायची गरज नाही, देखरेखीचं काम घ्या." ड्रायव्हरला म्हणाले, "डोळ्यांचं सर्टिफिकेट काढून आणा, मग बघतो." माणसं आली तेव्हा वाकलेली असायची आणि जाताना जरा ताठ व्हायची. मला ते आवडलं होतं. खोटं कशाला बोलू.

माझी फ्रेम त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. म्हणाले, "ओरिजिनल माझ्या कपाटात राहू द्या. कारखान्यात दमट हवा, वाफ, कागद खराब होईल. आपण टाईप केलेली ट्रू कॉपी काढू, त्यावर फोटो चिकटवू, मोठ्या साहेबाचा सही-शिक्का घेऊ. भिंतीला ती लावा." मग मेन रोडच्या स्टुडिओत नेऊन माझे फोटो काढवले. फोटोवाल्याने पाकीट दिलं ते जाड लागलं. म्हटलं, "एवढे कशाला? मला काय निवडणुकीला उभं राहायचंय?" ते म्हणाले, "लागतात हो साडूभाऊ. एक इथे, एक तिथे." कामाला लागले तेवढे त्यांनी घेतले. उरलेले बायकोने डब्यात ठेवले.

सातपूरला एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात मला काम लागलं. बॉयलर लहान, पण काम तेच. सकाळी गेलो की मी आधी पाण्याची काच तपासायचो. बॉयलरच्या अंगावर एक काचेची नळी असते, आत किती पाणी आहे ते तिच्यात दिसतं. पण ती काच फसवते. खालची वाट गाळाने बुजली की नळीतलं पाणी तिथंच उभं राहतं आणि आतलं कमी होत जातं. म्हणून पाळीला एकदा तरी खालचा कॉक उघडून नळी रिकामी करायची आणि पाणी परत आपल्या जागी येतं का ते बघायचं. झटकन आलं तर खरं. रेंगाळत आलं तर समजायचं, काहीतरी गडबड आहे. हे मला कोणी शिकवलं नाही असं म्हणणार नाही. माझ्या उस्तादाने कानफटीत मारून शिकवलं.

दोन वर्षं बरी गेली. घराच्या पत्र्यांच्या जागी स्लॅब पडला. बायको म्हणाली, फंडातून काढले. हिशोब तिच्याकडेच असायचा, मी विचारलं नाही.

मग ती खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. पान्हे, फावडी, हातोडे धुऊन पुसून मांडायचे, बॉयलरला हळदकुंकू, झेंडूचा हार. आमच्याकडे पूजेची तयारी चालली होती आणि नेमकी पाण्याची काच तडकली. शेठला पूजेनंतर माल काढायचा होता. दुकानं बंद. तो म्हणाला, "मागच्या गल्लीत रंगाईचा कारखाना आहे. त्यांचा बॉयलर आपल्याच मापाचा आहे. जरा विचारून बघा."

मी सायकल काढून गेलो. कापडाला रंग द्यायचा कारखाना. बाहेर रंगीत पाण्याची नाली, आत त्यांची पूजा होऊन गेलेली. बॉयलरपाशी चाळिशीचा एक माणूस बसून पेढा खात होता. अंगाने काटक, सुरगाण्याकडचा. आधी पावसाळा संपला की मजुरीला खाली यायचा, मग इथेच राहिला, हे त्याने नंतर सांगितलं. मी काच मागितली.

"हाय ना बाबा, देतो. आधी परसाद घ्या."

मी पेढा घेतला. घेताना भिंतीकडे लक्ष गेलं. फ्रेम लावलेली. फ्रेमला हार. काचेवर कुंकवाचा एवढा मोठा टिळा की आतलं तोंड दिसेना. पुढे उदबत्ती.

म्हटलं, "हे कोण?"

"आधीचं मिस्त्री. वारलं."

"कशाने वारले?"

"तशी भीती नाय बाबा, बायलर फुटून नाय." त्याने पटकन सांगितलं. "आजारानं वारलं असतील. मी आलो तव्हापासून फोटोच हाय. लय चांगलं होतं म्हणं. आम्ही नवमीला हार घालतो. माझी बायको तर आवसंला पण उदबत्ती लावती. म्हणती, ह्याच्या जागंवर तू उभा राहतो, त्याचा कोप नको."

"आणि आता बॉयलर कोण बघतं?"

"तेच."

"वारलेले?"

"कागदावर तेच. हातानं मी."

असं म्हणून तो स्वतःच हसला. मीही हसलो असतो. पण टिळ्याच्या खाली एक कान दिसत होता. माझा डावा कान वरून जरा दुमडलेला आहे, लहानपणी बैलाने शिंग मारलं होतं. मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि अंगठ्याने कुंकू पुसलं.

मी होतो. मेन रोडच्या स्टुडिओतला, टोपी सरळ केलेला.

त्या माणसाने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातातला पेढा खाली पडला. मग तो वाकून माझ्या पायाला हात लावायला लागला. पाया पडत होता की मला पाय आहेत का ते चाचपत होता, कोण जाणे.

"बाबा, तुम्ही?"

"उठ. मी मेलेलो नाही."

"मंग शेठ तर…"

"शेठ बोलला का मी मेलो म्हणून?"

त्याने विचार केला. "नाय. शेठ काय बोललाच नाय. फोटोला फ्रेम, आन् माणूस कधी दिसत नाय. मंग आम्हीच समजलो."

त्याचं काय चुकलं? कोणीही तेच समजलं असतं. मी खाली उतरलो. उतरताना नजर पाण्याच्या काचेवर गेली. पाणी अर्ध्यावर होतं आणि जराही हलत नव्हतं. चालू बॉयलरचं पाणी असं उभं राहत नाही, ते श्वास घेतल्यासारखं थोडं वरखाली होतं. मी त्याला विचारलं, हा कॉक कधी उघडतोस? तो म्हणाला, तो उघडायचा असतो हे त्याला कोणी सांगितलंच नाही. मी फडकं गुंडाळून कॉक उघडला. आधी काहीच आलं नाही. मग काळा गाळ थुंकल्यासारखा आला आणि मग पाणी. कॉक बंद केल्यावर नळीत पाणी परत आलं ते पार तळाला, बोटभर. बोटभर होतं म्हणून पंप चालू करता आला. तेवढंही नसतं तर तो, मी, आणि शेजारच्या खोलीत कापड पिळणाऱ्या बाया, कोणाचं काय झालं असतं ते मला परीक्षेत सांगता आलं होतं. आणि पोलीस आले असते तेव्हा भिंतीवर माझं तोंड असतं.

पुठ्ठ्याच्या कारखान्यात काच पोचवली, बसवून दिली आणि तडक इंदिरानगरची वाट धरली. ऊन डोक्यावर. सायकल कशी चालवली ते आठवत नाही.

साडू व्हरांड्यात खुर्चीवर, पूजा उरकून, कपाळाला गंध लावून बसले होते.

"या या साडूभाऊ! ताईंना नाही आणलं?"

"माझा फोटो किती ठिकाणी आहे?"

"कसला फोटो?"

"हार घातलेला."

त्यांनी कप खाली ठेवला. "अच्छा. रंगाईवाल्याकडे गेला होतात."

नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं, निदान आधी नाही म्हणतील. मी म्हणालो, "मी एका वेळी एकाच बॉयलरपाशी उभा असतो."

"असताच ना! तुम्ही पुठ्ठ्याच्या कारखान्यात असता. बाकीच्यांना तुमचा आशीर्वाद असतो."

"आणि तपासणीला साहेब आले की?"

"ओरिजिनल कागद तिकडे पाठवतो. अटेंडंट आजारी आहे म्हणून सांगतात. छोटे छोटे बॉयलर हो. न्हाणीतला बंब समजा."

"बंबाला लायसन लागत नाही. फुटला तर बेड्या कोणाला पडणार?"

"काही फुटत नाही. आणि वकील आहे आपला."

"तुला मी विश्वासाने दिलं होतं," मी म्हणालो. मेहुणी आतून पाणी घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली. तिच्या नवऱ्याला मी तोवर कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. "हळू बोला. त्या बाकावर बसतात ना, सगळे आपला कागद असाच वापरायला देतात. त्यांची घरं चालतात, कारखाने चालतात, पोरांना रोजगार मिळतो. तुम्ही एकटेच सोवळे आहात का? आणि मला कशाला विचारता? घरी जाऊन ताईंना विचारा. फोटो मला कोणी दिले? तुमच्या डोक्यावर स्लॅब कशातून पडला?"

मी पाणी न पिता निघालो.

घरी बायको दसऱ्यासाठी झेंडूची फुलं ओवत बसली होती. माझं तोंड बघून तिने सुई खाली ठेवली. "कळलं वाटतं," म्हणाली.

हे दोन शब्द मला साडूच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागले.

"तुला ठाऊक होतं?"

"फोटो मागितले, दिले. परके का ते? माझ्या बहिणीचे मालक."

"कशाला पाहिजेत, ते विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, भिंतीला लावायचेत. भिंतीला लावल्याने माणूस झिजतो का? पत्रे गळत होते. रात्रभर मी घरभर पातेली मांडत फिरायची आणि तुम्ही म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. किती पुढच्या वर्षी?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो."

"म्हणून नाही विचारलं."

तिने परत सुई उचलली. मला भांडायचं होतं, पण तिच्या बोलण्यात भांडायला जागाच नव्हती. परक्याने दगा दिला तर माणूस शिव्या देतो. मी इतकी वर्षं हिच्या हातचा डबा नेऊन त्या भट्टीपुढे बसून खाल्ला होता. पाण्याची काच मी रोज तपासायचो. घरात काही तपासायचं असतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

दसरा झाल्यावर साडूकडे जाऊन ओरिजिनल मागितलं. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. "घ्या. तुमच्यावाचून काही अडत नाही." बाकीचे कारखाने कुठले ते विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला कळून काय उपयोग?" शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग रंगाईच्या कारखान्यात गेलो. शेठ तरुण होता, भांडला नाही. म्हणाला, "काढा ना काका, तुमचाच फोटो आहे." मी फ्रेम काढली. मला वाटलं होतं, आता हा घाबरेल, बॉयलर बंद ठेवेल. त्याने टेबलाखालून दुसरी फ्रेम काढून आगवाल्याच्या हातात दिली. साडूने आधीच पाठवली होती. मी बघितलं आणि मला ओळख पटली. आमच्याच साबणाच्या कारखान्यातला, दुसऱ्या पाळीचा अटेंडंट. अर्धांगवायू होऊन अंथरुणावर पडलेला. मी त्याला मोसंबी घेऊन भेटायला गेलो होतो, तेव्हा त्याला हातही उचलता येत नव्हता.

म्हटलं, "शेठ, हा माणूस उठून बसू शकत नाही."

शेठ म्हणाला, "काका, त्याला उठवतोय कोण?"

आगवाला खिळ्याला फ्रेम अडकवत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

त्या रात्री कळलं मला की फ्रेम परत आणून माझी सुटका होत नव्हती. आणखी कुठल्या तरी गल्लीत, कुठल्या तरी भिंतीवर माझं नाव होतं आणि कोण आगवाला कुठला कॉक न उघडता बसला होता, मला माहीत नव्हतं. तिथून माझं नाव उतरवायला एकच जागा होती. बॉयलर तपासणाऱ्या साहेबाचं ऑफिस.

बायको म्हणाली, "जाऊ नका. तुमचंच काढून घेतील."

"घेतील तर घेऊ देत."

"मग खाणार काय?"

"स्लॅब खाईन," मी म्हणालो आणि निघालो. असं बोलायला नको होतं म्हणतात लोक. मला अजून तसं वाटत नाही.

साहेब मवाळ माणूस होता. त्याने बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लेखी द्या." तिथल्याच बाकावर बसून मी माझ्या अक्षरात लिहिलं: माझ्या नावाच्या कॉप्या माझ्या माहितीशिवाय लावल्या आहेत, मी फक्त पुठ्ठ्याच्या कारखान्यात हजर असतो, बाकी बॉयलर माझे नाहीत. एवढं लिहायला मला दुपार लागली. साहेब म्हणाला, चौकशी होईपर्यंत ओरिजिनल जमा करावं लागेल. मी फ्रेमसकट दिलं. त्याने मागचे खिळे वाकवून कागद तेवढा काढून घेतला आणि फ्रेम मला परत दिली.

पुढे जे व्हायचं ते झालं. कागद जमा झाला म्हणून पुठ्ठ्याच्या कारखान्यात मला उभं राहता येईना, तिथलं काम सुटलं. सातपूरला दोन-चार ठिकाणी बॉयलर बंद करायला लावले. रंगाईचा त्यातच आला, कारण साहेबांनी विचारलं तेव्हा फोटोतला माणूस हजर करता आला नाही. साडूच्या बाकावर बसणारे आमच्या वयाचे लोक रस्त्यात मला बघून दुसऱ्या बाजूने जायला लागले. तो ओझरकडचा क्रेनवाला मात्र थांबला आणि तोंडावर म्हणाला, "तुझं पोट भरलं म्हणून आमच्या ताटात माती कालवलीस." साडूचं टेबल व्हरांड्यातून आतल्या खोलीत गेलं, एवढाच त्याला फरक पडला. कुठल्याच कॉपीवर त्याचं नाव नव्हतं ना.

एका सकाळी सुरगाण्याचा आगवाला आमच्या दारावरून चालला होता. डोक्यावर वळकटी, मागे बायको, तिच्या हातात भांड्यांची पिशवी. गावाकडे जाणारी जीप पकडायला निघाले होते. मी हाक मारून आत बोलावलं. तो अंगणातच उभा राहिला.

म्हटलं, "काम सुटलं?"

"सुटलं."

"त्या दिवशी पाणी बोटभर होतं, ते तू बघितलंस ना?"

"बघितलं की बाबा. मंग रोज कॉक उघडत व्हतो. तुम्ही दावलं तसं. एक दिवस चुकवला नाय." त्याने डोक्यावरची वळकटी सावरली. "तुम्ही मेलेले होता तेच बरं होतं."

रागाने नाही म्हणाला. साधं, हिशोब सांगितल्यासारखं म्हणाला. त्याची बायको पदराआडून माझ्याकडे बघत होती. तिच्याच उदबत्त्या मी जिवंतपणी घेतल्या होत्या. माझ्या बायकोने पाण्याचा तांब्या आणला, तो घेतला त्यांनी. मग गेले.

बऱ्याच महिन्यांनी साहेबांनी बोलावलं. मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. त्यांच्या टेबलावर माझं सर्टिफिकेट होतं, तेच, शिक्का जरा फिका झालेला. मला ते उचलून घ्यावंसं वाटलं.

साहेब म्हणाले, "तुमचा दोष दिसत नाही. मला तुम्हाला हे परत द्यायचंय. एकच गोष्ट राहिली. कॉप्यांवरचे फोटो खरे आहेत, स्टुडिओतले. ते बाहेर कसे गेले? ज्याने दिले आणि ज्याने नेले, त्यांची नावं जबाबात लिहा, सही करा आणि कागद घेऊन जा."

मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"घरातलंच कोणी आहे का?" त्यांनी विचारलं. आवाज नरम होता.

साडूचं नाव घ्यायला मला काही वाटलं नसतं. त्याला मी त्या टेबलाला बांधून ठेवायला तयार होतो. पण त्याने पहिलं नाव हिचं घेतलं असतं. मग पोलीस घरी, हिला बोलावणं, माझ्या बायकोने एका परक्या साहेबापुढे उभं राहून पत्रे कसे गळत होते ते सांगायचं. मी तिला वाचवत होतो असं कोणी समजू नका. माझ्या मनातून ती तेव्हाही उतरलेलीच होती. पण ती माझी बायको होती आणि तिचा न्याय करायला मला त्या ऑफिसची गरज नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

साहेब म्हणाले, "मग मला हे देता येणार नाही. तुमचं वयही झालंय. नवीन मिळायचं नाही, समजतंय ना?"

"समजतंय."

त्यांनी कागद फाईलमध्ये ठेवला आणि फाईलची नाडी बांधली. मी उठलो, रामराम केला.

घरी आलो तर बायको ओट्यापाशी भाकरी थापत होती. पाठमोरीच राहून तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, वय झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिचा हात थापता थापता थांबला. तिला खरं वाटलं की नाही, मी विचारलं नाही आणि तिनेही पुढे कधी तो विषय काढला नाही. बहिणीकडे ती एकटीच जाते, साडूच्या मुलीच्या लग्नालाही एकटीच गेली. त्या दिवशी मी पाटावर बसलो. तिने गरम भाकरी ताटात टाकली. मी म्हणालो, मीठ दे. तिने दिलं.